थिंग्जबोर्ड : रावेर-यावलच्या शिवारात दोनशे उपकरणांची खबर ठेवताना

रावेर आणि यावल तालुक्यांच्या केळी पट्ट्यात विहिरी, कूपनलिका आणि ठिबकच्या मुख्य वाहिन्या यांवर आता बरीच इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसली आहेत. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारी पॅनेल, पाण्याचा प्रवाह मोजणारे मीटर, जमिनीतील ओलावा सांगणारे सेन्सर, साठवण टाकीची पातळी दाखवणारी यंत्रे आणि लहान हवामान केंद्रे त्यांत येतात. आमच्या शेतकरी गटाकडे अशी सुमारे दोनशे उपकरणे असून ती फैजपूर-सावद्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत विखुरलेली आहेत आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. या क्षणी कोणते उपकरण चालू आहे, कोणते बंद आहे आणि कोणत्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे एका पडद्यावर कळावे म्हणून आम्ही थिंग्जबोर्ड या सॉफ्टवेअरची सामुदायिक आवृत्ती वापरतो. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे आणि ते मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरते, तो म्हणजे हे सॉफ्टवेअर उपकरणाची स्थिती जशी सांगते तशी ती खरोखर असते का.

हा प्रश्न आमच्यासाठी केवळ तांत्रिक नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या पलीकडे जाते, आणि त्या दिवसांत घड धरलेल्या केळीला दोन दिवस पाणी चुकले तर त्याचा फटका घडाच्या वजनात दिसतो. याआधी आमच्याकडे एका विक्रेत्याची बंदिस्त प्रणाली होती. तिच्या पडद्यावर प्रत्येक मोटारीसमोर हिरवा ठिपका असे आणि उपकरण मुके झाल्यावरही तो ठिपका बराच काळ हिरवाच राहत असे, कारण त्याचा अर्थ ‘शेवटचा संदेश आला तेव्हा मोटार चालू होती’ एवढाच होता. तो संदेश कधी आला हे मात्र पडद्यावर कुठेही लिहिलेले नसे. शेतकरी ठिपका पाहून निर्धास्त राहत आणि शेतात गेल्यावर लॅटरल, म्हणजे ओळींतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, कोरड्या आढळत. थिंग्जबोर्डकडे वळण्याचे मुख्य कारण हेच होते.

थिंग्जबोर्ड मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्याची सामुदायिक आवृत्ती अपाची २.० परवान्याखाली विनामूल्य मिळते. एमक्यूटीटी, कोॲप, एचटीटीपी यांसारख्या प्रचलित पद्धतींनी उपकरणे त्याच्याशी बोलू शकतात, त्यामुळे एकाच कंपनीच्या पॅनेलला बांधून घेण्याची गरज राहत नाही. माहिती पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठते आणि दोनशे उपकरणांसाठी भाड्याचा एक साधा सर्व्हर पुरतो. आमच्याकडे सिमकार्डांचा खर्च सर्व्हरच्या भाड्यापेक्षा अधिक आहे. ज्याला लिनक्सची जुजबी ओळख आहे त्याला हे सॉफ्टवेअर बसवता येते, म्हणून त्या भागावर अधिक लिहीत नाही.

थिंग्जबोर्ड प्रत्येक उपकरणासाठी काही नोंदी स्वतःहून ठेवतो : उपकरण जोडले गेले ती वेळ, जोडणी तुटली ती वेळ, शेवटची हालचाल झाली ती वेळ, आणि शेवटच्या हालचालीवरून ठरणारी ‘ॲक्टिव्ह’ ही एक होय-नाही स्वरूपाची खूण. ठरावीक काळ उपकरणाकडून काहीच आले नाही तर ही खूण ‘नाही’ होते आणि निष्क्रियतेची घटना नियमांच्या साखळीकडे, म्हणजे घटना आली की पुढे काय करायचे हे ठरवणाऱ्या टप्प्यांकडे, पाठवली जाते. हा काळ मुळात १० मिनिटांचा असतो, पण प्रत्येक उपकरणासाठी तो वेगळा ठेवता येतो आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोलाचा गुण हाच आहे. मोटारीचे पॅनेल दर मिनिटाला बोलते, त्यामुळे ते पाच मिनिटे गप्प राहिले तर ती बातमी आहे. ओलाव्याचा सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी अर्ध्या तासाने एकदाच बोलतो, त्यामुळे त्याला दीड-दोन तासांची मुभा द्यावी लागते. ही मुभा देताना एकदोन संदेश वाटेत हरवतील असे धरून चालावे, म्हणजे बोलण्याच्या अंतराच्या तिप्पट काळ ठेवावा, असे मी सुचवेन. हे आकडे मिलिसेकंदांत भरायचे असतात आणि एखादे शून्य राहून गेले तर उपकरण सतत मेलेले आणि जिवंत झालेले दिसते, याची नव्याने वापरणाऱ्याने काळजी घ्यावी.

मात्र ‘ॲक्टिव्ह’ या खुणेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तिथेच जन्म घेतात. एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. तीत उपकरणाने आपली जोडणी शाबूत आहे हे कळवण्यासाठी मधूनमधून एक अगदी छोटा संदेश पाठवायचा असतो आणि ठरलेल्या अंतराच्या दीडपट काळ तो आला नाही तर सर्व्हर जोडणी तुटली असे धरतो. थिंग्जबोर्ड या छोट्या संदेशालाही हालचाल मानतो. त्यामुळे पॅनेलमधील मोडेम व्यवस्थित असेल, पण मोजमाप करणारा भाग अडकून पडला असेल, तर एकही नवे मोजमाप न येता उपकरण ‘ॲक्टिव्ह’ दिसत राहते. सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिले तर यात चूक काहीच नाही, कारण जोडणी खरोखरच जिवंत असते. परंतु शेतकऱ्याला हवी असलेली माहिती जोडणीची नसते, पाण्याची असते.

म्हणून आम्ही पडद्यावर ही खूण एकटी कधीच दाखवत नाही. प्रत्येक ओळीत मोटारीची स्थिती, तिने खेचलेला विद्युतप्रवाह आणि ‘शेवटचे मोजमाप किती वेळापूर्वी’ असे तीन स्तंभ ठेवले आहेत, आणि मोजमाप जुने झाले की पूर्ण ओळ करडी होते. थिंग्जबोर्डच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीचा रंग आणि मजकूर जावास्क्रिप्टच्या दोनचार ओळींनी ठरवता येतो, त्यामुळे हे काम अवघड नाही. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, आणि करडा म्हणजे ठाऊक नाही. हा तिसरा रंग आल्यापासून शेतकऱ्यांचे फोन कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण ते आता योग्य वेळी येतात, आणि करडी ओळ दिसताच सालदाराला विहिरीवर पाठवायचे हे घराघरांत ठरून गेले आहे.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. मोटार चालू करण्याची आज्ञा पोहोचली म्हणजे मोटार चालू झाली असे मानता येत नाही. थिंग्जबोर्डमधून उपकरणाला आज्ञा पाठवता येते आणि तिचे पुढे काय झाले, म्हणजे ती रांगेत आहे, पोहोचली, यशस्वी झाली की मुदत संपून बाद झाली, हेही पाहता येते. तरीही पॅनेलने ‘आज्ञा मिळाली’ असे उत्तर दिले आणि एक फेज गेलेली असल्याने मोटार उठलीच नाही, असे नेहमी घडू शकते. त्यामुळे आमच्या पडद्यावरचा हिरवा रंग विद्युतप्रवाहाच्या मोजमापावरूनच ठरतो. आज्ञा साठवून ठेवण्याच्या सोयीबाबतही सावध राहावे असे मला आवर्जून सांगायचे आहे. उपकरण बंद असताना दिलेली आज्ञा सर्व्हर राखून ठेवतो आणि उपकरण परत आले की ती त्याच्याकडे सोपवतो. व्हॉल्व्हच्या सेटिंगसाठी हे उपयोगी आहे, पण मोटारीसाठी धोक्याचे आहे. सायंकाळी दिलेली आज्ञा मध्यरात्री लाईट आल्यावर अमलात आली आणि त्या वेळी कोणी विहिरीत पाइप दुरुस्त करत असेल, तर काय होईल याचा विचार करावा. मोटारीच्या आज्ञांना आम्ही एक मिनिटाची मुदत ठेवली आहे आणि ती वाढवण्याची कोणाचीही विनंती मान्य करत नाही.

आता आमच्या भागाच्या खऱ्या अडचणीकडे येतो. कृषिपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री, ठरावीक तास. वीज गेली की बॅकअप नसलेली सर्व पॅनेल एकाच क्षणी गप्प होतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तेव्हा साठ-सत्तर उपकरणे एकदम बिघडलेली असतात; गावाच्या दृष्टीने मात्र लाईट गेलेली असते आणि ती जाणारच होती. मुळातील मांडणी तशीच ठेवली तर दररोज सत्तर इशारे येतात, आणि चार दिवसांत माणूस इशारे वाचणे सोडून देतो. त्या सत्तरांत एखादे पॅनेल खरोखर जळालेले असेल तर ते कोणाच्याही लक्षात येत नाही. उपकरणांची संख्या वाढली की संदेशांच्या भारापेक्षा हा अविश्वास अधिक त्रासदायक ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

यावर थिंग्जबोर्ड तयार उत्तर देत नाही, पण उत्तर उभारण्याची साधने देतो. उपकरणांखेरीज ‘ॲसेट’ नावाचे घटक तयार करता येतात आणि त्यांच्यात नाती जोडता येतात. आम्ही प्रत्येक फीडरसाठी (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) आणि त्याखालच्या प्रत्येक डीपीसाठी (शिवारातले रोहित्र) असा घटक केला आणि प्रत्येक पॅनेल आपापल्या डीपीखाली लावले. कोणते पॅनेल कोणत्या डीपीवर आहे ही माहिती कोणत्याही एका कागदावर मिळाली नाही. ती गावोगावच्या शेतकऱ्यांना विचारून, बांधांवरून फिरून गोळा करावी लागली, आणि संपूर्ण उभारणीतले सर्वांत वेळखाऊ काम हेच होते. त्यानंतर पायथनमधला एक छोटा प्रोग्राम सर्व्हरला विचारत राहतो की एका डीपीखालच्या किती पॅनेलांनी एकाच सुमारास बोलणे थांबवले. संपूर्ण फीडर गप्प झाला तर एकच नोंद होते, ‘लाईट गेली’, आणि कोणालाही निरोप जात नाही. एकाच डीपीखालची सर्व पॅनेल गप्प झाली आणि शेजारच्या डीपी बोलत राहिल्या, तर रोहित्रात बिघाड असण्याची शक्यता मोठी असते आणि एक निरोप जातो. शेजारी बोलत असताना एकच पॅनेल गप्प झाले, तर तो निरोप लगेच त्याच्या मालकाला जातो. जे उपकरण स्वतः बोलत नाही त्याच्याविषयी त्याच्या शेजाऱ्यांना विचारायचे, एवढेच हे तत्त्व आहे.

अलार्मच्या नियमांना वेळापत्रक जोडण्याची सोयही थिंग्जबोर्डमध्ये आहे, वार आणि तास ठरवून नियम जागा किंवा झोपलेला ठेवता येतो. विजेचे वेळापत्रक वर्षभर एकच राहिले असते तर हीच सोय पुरेशी झाली असती. ते वरचेवर बदलते, आणि बदलले की प्रत्येक नियम उघडून दुरुस्त करणे व्यवहार्य नाही, म्हणून आम्ही ती सोय केवळ सौर पंपांसाठी वापरतो. सौर पंप सूर्य मावळल्यावर गप्प होणारच, त्यामुळे त्यांच्यावर रात्री कोणताही नियम लागू नाही.

नवीन पॅनेल घेणाऱ्याने विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : वीज गेल्यानंतर हे उपकरण मरण्यापूर्वी एक निरोप पाठवू शकते का? आतमध्ये एक लहान बॅटरी किंवा मोठ्या क्षमतेचा कपॅसिटर असेल तर उपकरणाला काही सेकंद मिळतात आणि तेवढ्यात ते ‘वीज गेली’ असे कळवू शकते. अशी पॅनेल आमच्याकडे थोडी आहेत, पण प्रत्येक डीपीखाली असे एक जरी असेल तरी वर सांगितलेले अनुमान खात्रीत बदलते. सर्व्हरवर कितीही हुशार नियम लिहिले तरी या एका निरोपाची बरोबरी होत नाही.

वीज परत येण्याचा क्षणही जपावा लागतो. सर्व पॅनेल एकाच वेळी जागी होतात, एकाच मोबाइल मनोऱ्याकडे धाव घेतात आणि जोडणी न मिळाल्यास सारखी धडपडत राहतात. प्रत्येक पॅनेलने जागे झाल्यावर काही सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब पाळावा अशी दुरुस्ती आम्ही पॅनेलच्या प्रोग्राममध्ये करून घेतली. सर्व्हरला दोनशे जोडण्या जड नाहीत. अडचण गावातल्या मनोऱ्याची होती.

ओलाव्याचे सेन्सर लोरा या, कमी विजेत लांबवर निरोप पोहोचवणाऱ्या रेडिओ पद्धतीने बोलतात. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरता येतो, त्यामुळे प्रत्येक सेन्सरला सिमकार्ड लागत नाही आणि गावातल्या उंच इमारतीवरचा एक गेटवे अनेक शेतांचा निरोप गोळा करतो. परंतु हे सेन्सर कोणाशीही कायम जोडलेले नसतात. वेळ झाली की बोलतात आणि झोपी जातात. त्यामुळे ‘जोडणी तुटली’ ही घटना त्यांच्या बाबतीत संभवतच नाही, केवळ मौनाच्या लांबीवरून अंदाज करता येतो. शिवाय गेटवे बंद पडला तर त्याच्यामागचे सर्व सेन्सर मेल्यासारखे दिसतात. थिंग्जबोर्डच्या नियमांच्या साखळीत नात्यातल्या घटकाची माहिती आणणारा एक नोड, म्हणजे साखळीतला एक टप्पा, आहे. सेन्सर निष्क्रिय झाल्याची घटना आली की तो गेटवेची स्थिती आणतो आणि गेटवेच निष्क्रिय असेल तर पुढच्या टप्प्यात सेन्सरचा निरोप थांबवता येतो. ही मांडणी चालण्यासाठी गेटवेची मुदत सेन्सरच्या मुदतीपेक्षा लहान असलीच पाहिजे, नाहीतर सेन्सर आधी मेलेले ठरतात आणि गेटवे त्या वेळी अजून जिवंत दिसत असतो. कागदपत्रे वाचून हा क्रम सहज ध्यानात येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवत आहे.

एक उणीव मला अधिक खटकते. उपकरणाच्या सक्रियतेची नोंद मुळात ‘ॲट्रिब्यूट’ म्हणून साठवली जाते, म्हणजे केवळ ताजी स्थिती राहते आणि मागची पुसली जाते. गेल्या महिन्यात एखादे पॅनेल किती वेळा गप्प झाले हे विचारले तर उत्तर मिळत नाही. सर्व्हरच्या संरचनेत एक सेटिंग बदलली की याच नोंदी काळानुसार साठू लागतात आणि त्यांचा आलेख काढता येतो. हा बदल पहिल्याच दिवशी करावा, कारण तो करण्याआधीचा इतिहास नंतर मिळवता येत नाही. आमच्याकडे या इतिहासावरूनच कळले की काही पॅनेल दुपारी दोन ते चारच्या दरम्यानच गप्प होतात. ती सर्व पत्र्याच्या खोल्यांत, उन्हाच्या भिंतीवर बसवलेली होती. ती सावलीच्या बाजूला हलवल्यावर तक्रार थांबली. केवळ ताजी स्थिती पाहून हे कधीच समजले नसते.

संदेशावरील वेळेबाबतही असेच दक्ष राहावे लागते. उपकरणाने मोजमापासोबत वेळ पाठवली नाही तर सर्व्हर आपल्याकडे संदेश पोहोचल्याची वेळ लावतो. नेटवर्क नसताना साठवून ठेवलेली दहा मोजमापे नंतर एकदम आली, तर ती सर्व एकाच मिनिटाची दिसतात आणि पाण्याचा हिशेब चुकतो. चांगल्या उपकरणात घड्याळ असावे आणि त्याने आपली वेळ स्वतः सांगावी.

निरोप पाठवण्यासाठी ईमेल, एसएमएस आणि इतर मार्ग आहेत. एसएमएससाठी भारतात संदेशाचा नमुना आणि पाठवणाऱ्याचे नाव आधी नोंदवावे लागते, ही प्रक्रिया लहान गटाला किचकट वाटते. आम्ही टेलिग्रामचा मार्ग निवडला आणि तो समाधानकारक आहे. ग्राहकनिहाय विभागणी उत्तम आहे, प्रत्येक शेतकऱ्याला फक्त स्वतःच्या विहिरी दिसतात. स्तंभांची नावे मराठीत लिहिता येतात आणि नीट दिसतात. पडदा उघडा ठेवला की आकडे आपोआप बदलतात, पुन्हा उघडावा लागत नाही. कमी गतीच्या मोबाइल नेटवर्कवर मात्र भरगच्च पडदा उघडायला वेळ घेतो, म्हणून शेतकऱ्यांसाठी एकाच तक्त्याचा वेगळा साधा पडदा करावा.

ज्यांच्याकडे दहा-पंधराच मोटारी आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये. पॅनेलसोबत मिळणारे ॲप त्यांना पुरेल, फक्त ते शेवटच्या मोजमापाची वेळ दाखवते का एवढे तपासून घ्यावे. ज्या शेतकरी गटाकडे, पाणीवापर संस्थेकडे किंवा केळी पिकवण्याच्या खोल्या चालवणाऱ्याकडे निरनिराळ्या कंपन्यांची पन्नासहून अधिक उपकरणे आहेत, आणि संगणकाचे काम मन लावून करणारा एक तरी माणूस आहे, त्यांनी थिंग्जबोर्ड निःशंकपणे वापरून पाहावा. सुरुवात सर्व उपकरणे एकदम जोडून करू नये. आधी एक डीपी, तिच्याखालची सर्व पॅनेल आणि एक गेटवे एवढेच घ्यावे, दिवसपाळी आणि रातपाळी या दोन्ही विजेच्या चक्रांतून ते जाऊ द्यावे, प्रत्येक उपकरणाच्या मौनाची मुदत त्या निरीक्षणावरून ठरवावी आणि मगच पुढच्या डीपीकडे वळावे. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याअखेरच्या केळीची, लागवड आटोपली की पाण्याची ओढ कमी असते. हे काम हाती घेण्यास आमच्या भागात तो काळ सर्वांत सोयीचा आहे.